‘नाही’ म्हणायचं कोणी

भोंगाताईंचं खरं नाव मला माहीत आहे. त्यांची लेक चौथीत माझ्या वर्गात होती आणि प्रगतिपुस्तकावर सही त्या करायच्या. पण त्या नावाने मी त्यांना कधी हाक मारली नाही, कोणीच मारत नाही. टॉवेलच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा कामगार सात महिने दारात बसून होते. बाहेर कोणी बोलायला उभं राहिलं की मालकाची माणसं आतून भोंगा वाजवायची, म्हणजे बोलणाऱ्याचं बोलणं बुडून जावं. भाषणं बुडाली. ताईंचं गाणं मात्र बुडालं नाही. भोंगा दमून थांबला तेव्हा त्या शेवटच्या कडव्यावर होत्या, आणि सूर होता तिथेच होता. त्या दिवसापासून त्या भोंगाताई.

आता त्या त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. दोन जिने चढून आल्या की पाच मिनिटं बोलत नाहीत, नुसता हात वर करून ‘थांबा’ असं सांगतात. बावीस वर्षं त्यांनी टॉवेलच्या कडा शिवल्या. त्यांची सगळी गाणी त्या मशीनच्या चालीवर आहेत, एकच वेग, ना कमी ना जास्त. कारखाना गेला तो गेलाच. मग त्यांनी घरी कपडे उसवून-शिवून द्यायला घेतले आणि संध्याकाळी लग्नाच्या बँडमध्ये पॉप गाणी म्हणायला लागल्या. बँडवाल्यांनी चमकीचा झगा घालायला सांगितला, तर चमक्या त्यांनी स्वतःच शिवल्या, टाका दिसणार नाही अशा. ‘खिडकीत ये ना, पडदा सार ना’ हे त्यांचं तेव्हाचं गाजलेलं गाणं. लोक तीन-तीनदा म्हणायला लावायचे.

दारातली गाणी म्हणणाऱ्या मंडळींना हे झेपलं नाही. ती एकूण पाच जणं. गाणी रचणारा माल पाठवण्याच्या खात्यातला कारकून होता, तो पुढे वारला. डफ वाजवायचे ते दादा, लेथवर काम करणारे, मंडळींत सगळ्यांत वडील. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि ताईंना तोंडावर सांगितलं, “एका गळ्यात ही दोन गाणी नांदायची नाहीत. एक कोणतं तरी ठेव.” ताईंची लेक तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ताई उठल्या, चपला घातल्या आणि निघून आल्या. त्यानंतर सोळा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. राहायला मात्र बसच्या तीन थांब्यांवर. कोणाच्या मयताला भेट व्हायची, तेव्हा दोघंही मान हलवायचे आणि दुसरीकडे बघायचे.

अल्बमची गोष्ट निघाली ती बँडमुळे. तेव्हा बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा मुलगा आता चाळिशीचा झालाय, संगीत-संयोजक आहे आणि एका छापखान्याच्या वर त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. त्याला ताईंची पॉप गाणी पाठ होती, दारातली ठाऊकच नव्हती. एकदा सहज त्याने ऐकली आणि त्याच्या डोक्यात घुसलं, की दोन्ही एकाच अल्बममध्ये घ्यायची. चार ती, चार ही. कंपनी छोटी, पण तयार झाली. ताई मला म्हणाल्या, “बाई, आयुष्यभर मी या खोलीतून त्या खोलीत जाताना दार लावून घेतलं. आता दमले हो दारं लावून. उघडी राहू देत.”

गाणी कागदावर कुठेच नव्हती. म्हणून त्या माझ्याकडे येऊन बसायच्या आणि मी स्वच्छ अक्षरात उतरवून घ्यायचे. चार दुपारी गेल्या त्यात. त्या सांगायच्या तेव्हा हात मांडीवर मशीनसारखा चालायचा. सगळ्यांत शेवटी सांगितलं ते दाराचं गाणं, सातही महिने रोज म्हटलेलं.

दार लावलं, टाळं घातलं, आम्ही वळलो नाही,
पाणी तोडलं, दिवा विझवला, आम्ही मोडलो नाही,
एकेकाला आत बोलावलं, आम्ही फुटलो नाही,
उभं राहून पाय सुजले, आम्ही थकलो नाही.

मी उतरवलं ते असं. एवढी वर्षं शुद्धलेखन तपासलेली मी, पण त्यांनी काय सांगितलं आणि मी काय लिहिलं यातला फरक माझ्याही लक्षात आला नाही. तो स्टुडिओत उघडा पडला.

स्टुडिओत मी सोबत जायचे, कारण जिना उतरताना ताईंना हात लागतो. खोली लहान, भिंतींना करडा स्पंज, खिडकी बुजवलेली. आवाज येतो म्हणून पंखा बंद. खुर्ची करकरते म्हणून खुर्ची बाहेर. ताई पायाने ठेका धरतात म्हणून चपलाही बाहेर. माइकसमोर एका कड्यावर पातळ जाळी ताणलेली होती. ताई म्हणाल्या, “हा कोणाचा मोजा वाळत घातलाय?” काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी एक बाई बसायची, पस्तिशीची, केस आखूड, कमी बोलणारी. ती पहिल्यांदा हसली ती या मोज्याला.

पॉप गाणी तीन दिवसांत झाली. एखादी ओळ बिघडली तर तेवढीच पुन्हा म्हणून जोडायची, त्याला ती लोकं ‘पंच मारणं’ म्हणतात. “ताई, दुसऱ्या ओळीत पंच मारू या.” “मारा बाबा. माझ्या हातात आता तेवढा जोर नाही.” कानात ठेक्याची टिक-टिक चालायची, पण ताईंना तिची गरजच नव्हती. टिक-टिक त्यांच्याबरोबर चालतेय असं वाटायचं.

मग दाराचं गाणं आलं. ताई उभ्या राहिल्या, डोळे मिटले, म्हणायला लागल्या. आवाज थोडा जाड झालाय, वरच्या सुराला कडेकडेने जातो, पण त्या खोलीत एकदम दहा माणसं आल्यासारखं वाटलं. संपल्यावर संयोजकाने काचेतून अंगठा दाखवला. आम्ही काचेपलीकडे जाऊन ऐकायला बसलो.

“दार लावलं, टाळं घातलं, आम्ही वळलो.” मग शांतता. “पाणी तोडलं, दिवा विझवला, आम्ही मोडलो.” पुन्हा शांतता. “आम्ही फुटलो.” “आम्ही थकलो.”

रेकॉर्डिंगवाली म्हणाली, “ताई, मालकाचं गाणं आहे का हे?”

मी माझा कागद काढला. कागदावर ‘नाही’ चारही वेळा होतं. ताईंनी कागद बघितला, मग माझ्याकडे. “हे मी सांगितलं?”

“तुम्ही सांगितलं नसेल. मी ऐकलं.”

“अहो, ‘नाही’ मी कधी म्हटलंच नाही,” ताई म्हणाल्या. “‘नाही’ लोक म्हणायचे.”

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. मुलांना मी हे शंभरदा शिकवलं असेल, पण त्याचा असा उपयोग होतो हे मला त्या दिवशी समजलं. कारकुनाने गाणं रचलं तेच असं, की वाक्य बाईने अर्धं म्हणायचं आणि उरलेलं दारातल्या चारशे लोकांनी. ते ‘नाही’ म्हणायचे तेवढ्यात ताई श्वास घ्यायच्या. ती त्यांची श्वासाची जागा होती. वीसेक वर्षं छाती त्या जागी आपोआप भरत आली. तिथे स्वतः ‘नाही’ म्हणायला गेल्या की पुढच्या ओळीला दम उरत नव्हता. करून बघितलं त्यांनी. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, तिसऱ्याला खोकला आला.

संयोजक भला माणूस. म्हणाला, “हात्तिच्या, एवढंच ना? आधी प्रश्न घेऊ, उत्तरं नंतर वेगळी घेऊ.” प्रश्न घेतले. उत्तरांची वेळ आली तेव्हा ताई माइकसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. कानात त्यांचाच आवाज विचारत होता, आम्ही वळलो? आणि त्या गप्प. शेवटी कानावरचं काढून म्हणाल्या, “मीच विचारायचं आणि मीच सांगायचं? घरात एकटी असं करायला लागले तर लेक मला डॉक्टरकडे नेईल.”

दुसऱ्या दिवशी त्याने कोरसच्या चार मुली आणल्या. शिकलेले गळे, सूर एकावर एक रचून ‘नाही’ म्हणाल्या. ताईंनी शांतपणे ऐकलं. “गोड आहे गं पोरींनो. पण हे कसं वाटतं सांगू? चहात अजून साखर घालू का, तर ‘नाही’.” मुलीच हसायला लागल्या. मग त्याने यंत्रातून गर्दीचा आवाज काढला. “हे मॅच जिंकलेले लोक आहेत,” ताई म्हणाल्या. “यांचे पाय सुजलेले नाहीत.”

संयोजकाने डोकं खाजवलं. शुक्रवारी सगळं कंपनीला द्यायचं होतं. त्यात हे गाणं झालं नाही तर त्या जागी पाचवं पॉप गाणं जाणार, ते त्याने तयारही ठेवलं होतं. तो ते लपवत नव्हता. ताईंनाही ते ऐकून राग आला नाही, फक्त त्या भिंतीला टेकल्या. “दाराचं गाणं राहिलं, तर बाकी तीन कशाला घेतली म्हणायची मी?” त्या मला म्हणाल्या. “ती तिन्ही याच्या मागे उभी राहणारी आहेत.”

ताईंच्या घरी लेक रुग्णालयातून ड्यूटी संपवून आलेली. तिला मोबाइलवर ते ‘नाही’विना गाणं ऐकवलं. आधी ती इतकी हसली, की पोट धरून बसली. मग म्हणाली, “आई, रागावू नकोस, पण गाणं पहिल्यांदा खरं बोलतंय. थकलीस ना? मग म्हण की.”

“थकणं वेगळं आणि फुटणं वेगळं.”

“मी कुठे फुटलीस म्हटलं?”

ताई पाय गरम पाण्यात घालून बसल्या. मग म्हणाल्या, “बाई, उद्या माझ्याबरोबर दादांकडे येता का? चारशे लोक आता कुठून आणू? एक तरी आणते.”

दादांकडे आम्ही दुपारी गेलो. सुनेने दार उघडलं आणि ताईंना बघून आत हाक मारायच्या ऐवजी स्वतःच आत पळाली. दादा मागच्या गॅलरीत बसले होते, पुढे टेबल, त्यावर कोणाचा तरी मिक्सर उघडून ठेवलेला. चौऱ्याहत्तर वय, अंगावर बनियन, चष्म्याला दोरा. मान वर न करता म्हणाले, “भोंगे, वाट चुकलीस की बस चुकली?”

“बसच चुकली. पुढची येईपर्यंत म्हटलं बसावं.”

“बस.” त्यांनी पायाने स्टूल सरकवलं. मला म्हणाले, “बाई, तुम्ही खुर्ची घ्या. हिला स्टूलच ठीक. हिला उभं राहायची सवय.”

सून चहा ठेवून गेली. ताईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोज्याची जाळी, चार मुली, मॅच जिंकलेले लोक. दादांच्या मिशीत हसू आलं, पण ते त्यांनी खाली मिक्सरकडे वळवलं. “म्हणजे तुला माझं ‘नाही’ पाहिजे.”

“तुमचं. डफ आणला तरी चालेल, नाही आणला तरी चालेल.”

“डफाचं कातडं गेलं. गळा आहे अजून, खोकला धरून.” त्यांनी स्क्रू एका झाकणात ठेवला. “किती गाणी आहेत सगळी?”

“आठ.”

“आपली?”

“चार.”

“आणि ती?”

“तीही चारच.”

दादांनी चष्मा काढला. “ती काढून टाक. मी उद्या येतो. आत्ता येतो म्हण. डोळ्यात औषध घालून झालं की निघू.”

ताईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकते, कारण मी समोरच होते. वर्गात पाठ केलेलं उत्तर चुकीचं आहे हे कळलेल्या मुलीसारखा तो चेहरा होता. ज्यासाठी आलो ते हाताशी आहे, फक्त हो म्हणायचं आहे.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“बरं, दोन काढ.”

“नाही.”

“ते खिडकीचं तरी? काय ते, पडदा सार ना. माझ्या नातवाच्या वाढदिवसाला लावलं होतं कोणी तरी, मी उठून गेलो. ते एक काढ आणि मी आलो.”

“नाही, दादा. त्या खिडकीवर माझी पोर शिकली. कारखान्याचं दार उघडलं नाही, ती खिडकी उघडली. मला तिची लाज वाटत नाही. तेव्हा तुमच्यापुढे वाटली, म्हणून उठून गेले. आता गुडघे दुखतात, उठवत नाही.”

आवाज चढवला नव्हता. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. दमलेलं माणूस पिशवी खाली ठेवतं तसं त्यांनी ते बोलून ठेवलं.

दादांनी मिक्सरचं पातं बोटाने फिरवलं. मग म्हणाले, “येतंय की तुला.”

“काय?”

“‘नाही’. तीनदा म्हणालीस. मला कशाला नेतेस मग?” हा टोमणा होता की आणखी काही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. ताईंना तो टोमणाच वाटला. त्या उठल्या, उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला, आणि स्क्रूंचं झाकण सांडलं. ताईंनी आणि सुनेने मिळून सगळे स्क्रू गोळा केले. दादा आमच्याबरोबर आले नाहीत. आम्ही निघताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “जिना बघून उतर.”

बसमध्ये ताई खिडकीला डोकं टेकून होत्या. वाटलं झोपल्या. थांबा आला तेव्हा डोळे न उघडता म्हणाल्या, “तीनदा म्हणाले का हो मी?”

“तीनदा.”

“मोजलं होतंत?”

“शिक्षिका आहे मी.”

शुक्रवारी सकाळी आम्ही स्टुडिओत पोचलो तेव्हा संयोजक पाचव्या पॉप गाण्याचं संगीत लावून बसला होता. ताईंनी त्याला ते बंद करायला सांगितलं. मग रेकॉर्डिंगवालीला म्हणाल्या, “मला खुर्ची द्या.”

“ताई, ती करकरते.”

“मग मी हलणार नाही.”

मी त्यांना बसून गाताना कधी बघितलं नव्हतं. आत गेल्या, चपला घालूनच गेल्या, हात मांडीवर ठेवले. कानात आधीचे प्रश्न लागले. आम्ही वळलो? ताई म्हणाल्या, “नाही.” गॅलरीत म्हटलं होतं तसंच, समोर बसलेल्या एका माणसाला सांगावं तसं. आम्ही मोडलो? “नाही.” आम्ही फुटलो? “नाही.” संयोजक माझ्या शेजारी उभा होता, त्याने आत बोलायच्या बटणावर बोट ठेवलं आणि काचेतून म्हणाला, “ताई, जरा जोरात घेऊ या का? घोषणा आहे ना?”

“नाही,” ताई म्हणाल्या. “घोषणा तेव्हा होती.”

पुन्हा पहिल्यापासून लावलं. तीन उत्तरं तशीच आली. मग चौथा प्रश्न, उभं राहून पाय सुजले, आम्ही थकलो? ताईंचे ओठ हलले नाहीत. खुर्चीही करकरली नाही. पुढचं संगीत सुरू झालं, रेकॉर्डिंगवालीने थांबवलं. “शेवटचं राहिलं, ताई. तेवढाच पंच मारू या.”

“राहिलं नाही,” ताई आतून म्हणाल्या. “तिथे मला काही म्हणायचं नाहीये. ती ओळ परत घ्या माझी. प्रश्न न करता म्हणते. मागची मोकळी जागाही काढून टाका, सरळ पुढच्या कडव्याला जोडा.”

संयोजक कागद बघायला लागला, माझ्या अक्षरातला. “पण ताई, मग अर्थ बदलेल. तीन ‘नाही’ आणि शेवटी ‘थकलो’? गाण्याचं बळच जाईल.”

“वळलो नाही, मोडलो नाही, फुटलो नाही. थकलो. यात बळ कुठून जातं रे? तेव्हाही आम्ही थकलेलोच होतो. लोक ओरडायचे म्हणून कळायचं नाही एवढंच. रचणारा असता तर त्याला विचारलं असतं. तो नाही, तेव्हा जबाबदारी माझी. बाई, तुम्ही खोडा ते.”

मी पेन काढलं. माझ्याच हातचा शब्द मी खोडला. चाळीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईने खोडल्या, पण हे साध्या निळ्या शाईने खोडलं, कारण चूक नव्हतीच ती. ताईंनी ती ओळ एकदाच म्हटली. ‘थकलो’ला सूर खाली आला आणि तिथेच बसला. रेकॉर्डिंगवालीने दुसऱ्यांदा घेऊ का म्हणून विचारलं नाही. तिने फक्त खूण केली, की झालं.

पाचवं पॉप गाणं गेलं नाही. आठ गाणी गेली, चार आणि चार, एक हे, एक ते, अशी. दाराच्या गाण्यानंतर लगेच खिडकीचं येतं. कोणाला ते विचित्र वाटलं, कोणी छान म्हणालं, फार कोणी ऐकलं असंही नाही. कंपनीचा फोन पुन्हा आला नाही. ताईंच्या दारात आता पुन्हा कपड्यांची गाठोडी आहेत, कोणाची पँट आखूड, कोणाचा झगा सैल. संध्याकाळी त्या पाय वर करून बसतात आणि कोणी गा म्हटलं तर मोबाइल पुढे करतात. “त्यात आहे. दाबा आणि ऐका.”

मध्ये बाजारात दादांची सून भेटली. म्हणाली, सासऱ्यांनी नातवाकडून आठही गाणी फोनवर घेतली आहेत. चार ऐकतात, मधली चार बोटाने पुढे ढकलतात. बोट थोडं थरथरतं, म्हणून कधीकधी खिडकीचं अर्धं वाजून जातं. आणि दाराच्या गाण्यात ‘थकलो’ आलं की गॅलरीतून मोठ्याने ‘नाही’ म्हणतात. तिथे जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे ते पुढच्या ओळीवर पडतं आणि ओळ ऐकूच येत नाही. शेजारीपाजारी हसतात. मग खोकला लागतो, आणि तिला पाणी न्यावं लागतं.

मी हे ताईंना सांगितलं. त्या एका झग्याची शिवण उसवत होत्या. सुई वर धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ऐकायचे नाहीतच कधी,” त्या म्हणाल्या. मग दोरा दातांनी तोडला. “सुनेला सांगा, पाणी कोमट द्यायचं. गार दिलं की खोकला जास्त लागतो त्यांना.”